करवती काठाची गोगलगाय

आमच्या घरातला माणूस समुद्राच्या तळाशी नोकरीला होता आणि आमच्या गावात समुद्र कोणीही पाहिलेला नव्हता. त्यामुळे माझे यजमान नेमकं काय करतात हे लोकांना सांगता सांगता सासूबाईंच्या नाकी नऊ येत. शेवटी त्या "पान्यात नौकरी हाये" एवढंच म्हणत आणि विषय मिटवत. ऐकणाऱ्याला वाटे, नहराच्या म्हणजे कालव्याच्या खात्यात असेल. तेही बरंच होतं, नहराच्या नोकरीला गावात मान होता.

गाव सडक अर्जुनीच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये. वरच्या अंगाला मालगुजाराचा तलाव. तलावातून पाणी सोडायची मोरी गाळाने आणि वेलींनी तुंबली की कोणाला तरी बुडी मारून ती मोकळी करावी लागे. ते काम लहानपणापासून ह्यांच्याकडे, कारण ह्यांचा दम मोठा. रेल्वेच्या पुलाचं काम घेतलेल्या एका ठेकेदाराने एकदा ते पाहिलं आणि ह्यांना पुलाच्या पायाच्या कामावर नेलं. तिथून हे मुंबईच्या गोदीत गेले. जहाजांच्या बुडाला चिकटलेलं खरवडायचं, धक्क्याचे खांब तपासायचे, काही बुडालं असेल तर खाली जाऊन त्याला साखळदंड बांधायचे. आधी डोक्यावर पितळी टोप आणि वरून नळीने हवा असायची. पुढे पाठीवर हवेच्या टाक्या बांधून मोकळं पोहायचं आलं.

माझं माहेर फुलचूरचं. वडिलांचं गोंदियाला कापडाचं लहानसं दुकान होतं. स्थळ आलं तेव्हा देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि आमचा मुलूख मध्य प्रदेशात, भंडारा जिल्ह्यात होता. पाण्याखालच्या माणसाला पोरगी कशी द्यायची म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली. वडील म्हणाले की बुडणारे आपण पुष्कळ पाहिले, रोज बुडून रोज वर येणारा हाच पाहिला. मला ते बोलणं आवडलं आणि मी होकार दिला. खरं तर मला कोणी विचारलं नव्हतं.

पावसाळ्यात समुद्राचं काम बंद असे, म्हणून हे नेमके रोवण्याच्या हंगामात घरी यायचे. वर्षभर पाण्यात राहिलेला माणूस घरी येऊन पुन्हा चिखलपाण्यात उभा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी रोवण्यावरून परतल्यावर पाय धुताना माझ्या टाचेला चिकटलेली एक गोगलगाय निघाली. मी किळस येऊन ती लांब भिरकावली. हे घरापुढच्या छपरीत बसले होते. म्हणाले, समुद्रातली गोगलगाय पाहिली असतीस तर अशी फेकली नसतीस.

मग ते सांगायला लागले. समुद्रातल्या त्या गोगलगाईंना शंख नसतो. उघड्या अंगाने दगडांवरून सरपटतात. बोटाएवढ्या असतात, काही नखाएवढ्या. डोक्यावर दोन शिंगं आणि पाठीवर मागच्या बाजूला पिसांसारखा एक तुरा. तो तुरा म्हणजे त्यांचा श्वास. हात जवळ नेला की तुरा आत ओढून घेतात. आणि रंग असे की काम विसरून माणूस बघत राहतो. कोणते रंग, मी विचारलं. तर म्हणाले, निळा, पिवळा, लाल.

मी दुकानदाराची मुलगी. आमच्याकडे निळा म्हणून रंगच नसतो. मोरपंखी असतो, अस्मानी असतो, जांभळ्याकडे झुकणारा असतो, नुसती नीळ दिलेला असतो. मी त्यांना एकेक विचारत गेले आणि बिचारे गडबडून गेले. त्यांनी पाहिलं होतं, पण मी विचारते तसं पाहिलं नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात आले ते तयारी करून. कधी मालवणच्या बाजूला बुडालेल्या गलबताचं काम निघे. तिथं हिवाळ्यात पाणी स्वच्छ असायचं. काम उरकल्यावर टाकीत हवा शिल्लक असली की हे माझ्यासाठी गोगलगाई बघत. तुझ्या धाकाने बघतो, असं म्हणायचे.

आम्ही मिळून त्यांना नावं ठेवली. ते सांगायचे आणि मी काठपदरावरून ओळखायची. पिवळ्या अंगावर लाल ठिपके होते ती हळदकुंकू. मऊ काळी होती ती चंद्रकळा. पांढऱ्या अंगाला लाल दातेरी किनार होती, ती करवती. आमच्याकडच्या करवती काठाच्या लुगड्याला तशीच दातेरी किनार असते. ती माझी सगळ्यांत लाडकी. पांढऱ्या आणखीही दोन-तीन जाती होत्या आणि त्यांच्यात ह्यांची गफलत व्हायची. तेव्हा मी बजावून ठेवलं की अंग बघू नका, अंग फसवतं. आधी शिंगांचा रंग बघा, मग तुऱ्याचा. दुकानातही कापड ओळखायचं तर ते उलटून आतली बाजू बघतात, तसंच हे.

एकदा ते बोलता बोलता म्हणाले की खोल गेलं की लाल रंग दिसेनासा होतो, काळाच वाटतो. बॅटरीचा उजेड टाकला तरच कळतं. मी लगेच विचारलं, मग तुमची चंद्रकळा खरंच काळी कशावरून? ते वर्षभर त्या एका गोष्टीने बेचैन असणार, कारण पुढच्या खेपेला पिशवी खाली ठेवायच्या आधीच दारातून म्हणाले, "अवं, ते कारी नाई. कुसुंबी हाये." सासूबाईंना वाटलं गाईबद्दलच बोलतोय. आमच्याकडे तेव्हा गाय घ्यायचं चाललं होतं. आमच्या बोलण्यातल्या समुद्रातल्या 'गाई' त्यांच्या कानावर होत्याच, म्हणून शेजारणीला त्यांनी कौतुकाने सांगूनही टाकलं की समुद्रात गाई राहतात आणि माझा बाबू त्यांच्यावर असतो. मग ती बातमी गावभर झाली आणि आम्हाला हसून हसून पुरेवाट झाली.

ती वर्षं सुखाची होती. हे मला तेव्हाही कळत होतं. पुष्कळ लोक म्हणतात की सुख गेल्यावर कळतं. माझं तसं नव्हतं.

मग एका हिवाळ्यात, धानाची मळणी चालू असताना, हे अवेळी घरी आले. सोबत कामावरचा एक माणूस होता. गोंदिया स्टेशनवर त्याने आणि हमालाने ह्यांना उचलून उतरवलं, पुढे ट्रकच्या हौद्यात निजवून आणलं. कमरेखाली काही राहिलं नव्हतं. पाय होते, गरम होते, पण टोचलं तरी ह्यांना कळत नव्हतं. तो माणूस हिंदी बोलणारा. छपरीत बसून त्याने सासूबाईंना समजावलं की खूप खोल काम होतं, वर यायची घाई झाली, आणि डॉक्टर म्हणाले, "बदन में हवा भर गई।"

त्या एका शब्दाने पुढचं सगळं झालं. अर्धांगाला आमच्याकडे अंगावरून वारं गेलं असंच म्हणतात. सासूबाईंनी हवा ऐकलं आणि त्यांना वारंच समजलं. वाऱ्याचं दुखणं त्यांना ठाऊक होतं. त्यांचा सख्खा भाऊ त्यातच गेला होता. त्याला अंगणात उघड्यावर ठेवला म्हणून दुसरं वारं लागलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मुलाच्या बाबतीत ती चूक त्या होऊ देणार नव्हत्या. त्यांनी आतल्या खोलीत खाट टाकली, खिडकी लावून घेतली, फटींत चिंध्या कोंबल्या. अंघोळ बंद झाली. गरम तेलाने पाय चोळायचे आणि फडक्याने अंग पुसायचं, बस. कबुतराचं रक्तसुद्धा लावून झालं. मी त्यांना वेडं म्हणणार नाही. चोळून चोळून त्यांच्या तळहातांची सालं गेली होती.

पण समुद्रातला माणूस त्या कोरड्या अंधारात पडून होता आणि त्याला हवं होतं पाणी. ह्यांचं म्हणणं साधं होतं. त्यांच्या कामात असं होतंच. अंगात हवा अडकली तर माणसाला परत खाली नेतात, थांबवतात आणि मग सावकाश वर आणतात. म्हणजे ती हवा निघून जाते, माणूस उठून चालायला लागतो. ह्यांनी असे दोघे-तिघे डोळ्यांनी पाहिले होते. ह्यांच्या वेळी होडी लांब होती, समुद्र खवळला होता, परत खाली नेता आलं नाही. ते राहून गेलेलं काम आता आपल्या तलावात करायचं, एवढंच ते मागत होते.

"मले पान्यात ने," ते मला सांगायचे. "पाय पान्यात हायेत माहे. तिथंच रायले."

आमचा तलाव तो कितीसा खोल! आणि इतके दिवस उलटल्यावर काय व्हायचं होतं? मला शंका होती. पण मलाही विश्वास ठेवायचा होता, आणि ठेवण्यासारखं दुसरं काही घरात नव्हतं. मी सासूबाईंशी भांडले. दिराशी भांडले. एक दिवस चिडून फटींतल्या चिंध्या ओढून काढल्या. सासूबाई त्या चिंध्या एकेक करून पुन्हा कोंबत बसल्या. त्यांच्या त्या कोंबत बसण्यापुढे माझं काही चालेना.

खोलीत आमचा जुना खेळ आता उलटा चालायचा. मी विचारायची आणि ते आठवून सांगायचे. हळदकुंकवाचा तुरा कसा? कुसुंबीची शिंगं कशी? सुरुवातीला डोळे मिटून भराभर सांगत. पुढे पुढे चुकायला लागले. करवतीची शिंगं त्यांनी मला चार पावसाळे केशरी सांगितली होती. एके दुपारी म्हणाले, पांढरी. मी म्हटलं, नाही, केशरी. ते म्हणाले, असतील. त्या "असतील"चा मला इतका संताप आला की मी त्यांना वाटेल ते बोलले. आजारी माणसाला बोलू नये, कळत होतं. पण मी त्यातली एकही कधी पाहिली नव्हती. त्यांच्या डोळ्यांतून गेल्या तर माझ्याही जाणार होत्या, आणि मला ते सहन होत नव्हतं.

त्यानंतर त्यांनी जेवण कमी केलं. हट्टाने नाही, नुसतंच कमी केलं. ताट परत जायला लागलं तेव्हा सासूबाई हरल्या. माघ सरत आला होता, दुपारी ऊन चांगलं तापायचं. भांडी घासता घासता त्या मान वर न करता मला म्हणाल्या, "ने त्याले. पन मी पायनार नाई."

दुसऱ्या दिवशी बंडीत तनसाची, धानाच्या पेंढ्याची, गादी करून आम्ही ह्यांना निजवलं. दीर बैल हाकत होता. मी उशाशी. सासूबाई येणार नव्हत्या, पण बंडी तलावाच्या पाळीशी, म्हणजे बांधाशी, पोचली तर त्या मागून चालत येताना दिसल्या, काखेत गोधडी आणि हातात तेलाची वाटी. त्या पाळीवर आंब्याच्या सावलीत पाण्याकडे पाठ करून बसल्या. म्हटल्याप्रमाणे त्यांनी शेवटपर्यंत वळून पाहिलं नाही.

ह्यांनी कामावरचा काचेचा चष्मा सोबत आणला होता. रबराच्या पट्ट्याचा, नाकासकट डोळे झाकणारा. तो एवढे दिवस उशीखाली होता. दिराने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून ह्यांना पाण्यात नेलं. गुडघाभर, कमरेएवढं, मग छातीएवढं. पाणी थंड होतं, मी कुडकुडले. आणि अचानक माझ्या हातातलं ओझं गेलं. खोलीत दोन माणसांना उलटवत नसलेलं ते शरीर पाण्यात हलकं झालं. त्यांनी आमचे हात सोडवले, दोन्ही हातांनी पाणी कापलं आणि वळून माझ्याकडे तोंड केलं. ते हसत होते. आजारी पडल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मलाही हसू आलं आणि रडूही आलं.

चष्मा लावून ते खाली गेले. मोरी मोकळी करताना राहायचे तसे खूप वेळ राहिले. मी घाबरून दिराकडे पाहिलं, त्याने खुणेने थांबायला सांगितलं. वर आले, दम घेतला, पुन्हा गेले. असं कितीदा केलं कुणास ठाऊक. मग एका दगडाला धरून थांबले आणि म्हणाले, "मुंग्या येऊन राहिल्या."

पायाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, हो, डाव्या पायाला. पोटरीत. दिराने वर पाळीकडे पाहिलं, पण ओरडून सांगितलं नाही. ह्यांनी डोक्यावरून चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, तू कधी पाहिलं नाहीस. एकदा खाली बघ. तलाव आहे, समुद्र नाही, पण बघ.

मी आयुष्यात डोकं पाण्याखाली घातलं नव्हतं. त्यांनी पट्टा माझ्या केसांवरून ओढून बसवला, दम कसा धरायचा ते सांगितलं, माझा दंड धरला. मी डोळे मिटून वाकले आणि खाली गेल्यावर उघडले.

हिवाळ्याचं निवळलेलं पाणी होतं. ऊन हिरवं होऊन खाली उतरत होतं. कमळाचे देठ वर गेलेले दिसत होते. मध्येच ह्यांचे पाय होते, लांब, पांढरे, सैल. पाण्याच्या हालचालीने ते हलत होते. आणि मला ती दिसली. हिरव्या पाठीची, पाठीवर काळी रेघ, दोन्ही कडांनी केशरी पट्टी. सावकाश आखूड होत होती आणि लांब होत होती. मला दुसरं काही सुचलंच नाही. इतकी वर्षं नुसती ऐकून होते, ती आज मला स्वतःला दिसली असं वाटलं आणि मी धडपडत वर आले.

"दिसली," मी म्हटलं. "हिरवी, आणि केशरी काठ."

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच विचारलं, शिंगं होती का? मी जरा आठवलं. नव्हती. तुरा? तुराही नव्हता. त्यांनी मान हलवली आणि मला समजावलं, मी त्यांना समजवायची अगदी तसंच, की अंग फसवतं. शिंगं नाहीत, तुरा नाही, तर ती गोगलगाय नाही.

"जळू व्हय ते," ते म्हणाले. "कुठी हाये?"

तोवर मलाही कळलं होतं. माझी नजर खाली पाण्यात गेली. जळू लागते ते कळत नाही, हे बांधीत उतरणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. पण ओढून काढताना कळतंच कळतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग एक हात पाण्यात खाली सोडला. मांडीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून पोटरीवर, चाचपडत. पायाला काही सांगता येत नव्हतं, सगळं बोटांनाच शोधावं लागत होतं. ती डाव्या पोटरीवर होती. सापडली तसा त्यांचा हात थांबला. त्यांनी नखाने ती सुटी केली आणि ओढली. पाण्यात रक्ताची एक रेघ वर आली. त्या सगळ्या वेळात ते माझ्याकडेच बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही.

जळू फुगून अंगठ्याएवढी झाली होती. त्यांनी ती तळहातावर धरून उन्हात पाहिली. हिरवा रंग, केशरी काठ, मी सांगितलं तसाच. "बेस ओळखलंस," ते हळूच म्हणाले.

आमचं बोलणं थांबलं म्हणून की काय, पाळीवरून सासूबाईंनी पाठ न वळवता हाक दिली, "काई समजून राहिलं का रे बाबू, पायाले?"

दीर खाली मान घालून उभा होता. ह्यांनी मूठ मिटली. मग नेहमीच्या आवाजात, वरपर्यंत ऐकू जाईल असं, ते म्हणाले, "हो माय. समजून राहिलं."

वर सासूबाई मोठ्याने रडायला लागल्या, आनंदाने. उजव्या पायावर आणखी दोन होत्या. त्या काढायला मी पुन्हा खाली गेले.